गोपिकाबाईचं नव्व्याण्णव

मला गोपिकाचा हेवा वाटायचा. सरळच सांगते, आडपडदा कशाला. मी बी.एस्सी., बी.टी. झालेली विज्ञानाची बाई, आणि गोपिका सातवी पास, आमच्या प्रयोगशाळेत भांडी विसळणारी. तरी वाटायचा. कधीमधी नव्हे, रोज, अकरा ते पाच. घरी गेली की आई विचारायची, "आज काय झालं गं तोंड पाडायला?" मी म्हणायची, डोकं दुखतं. डोकं कुठलं दुखतं, पोटात दुखत होतं. आणि हो, 'मी गेले, मी आले' असं पुण्याच्या बायकांसारखं मला बोलता येत नाही. मी सुमती पाध्ये, महालात जन्मलेली, मी गेली आणि मी आली असंच म्हणणार.

महालातल्याच एका मुलींच्या शाळेत मी बासष्ट साली लागली. आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, एक दगडी ओटा आणि काचेचं कपाट. कपाटाची चाबी माझ्या कमरेला. वर्षातून एकदा तपासणीला साहेब यायचे, तेव्हा कपाट उघडून दाखवायचं: इतकी चंचुपात्रं, इतके थर्मामीटर, सगळं शाबूत. सामान शाबूत म्हणजे बाई चांगल्या, असा हिशेब. मग मुलींना हात कोण लावू देणार? प्रयोग व्हायचा तो असा. मी ओट्याजवळ उभी, मुली बाकांवर. मी एक थर्मामीटर कापसातून काढायची, लॅबची बाई दिवा पेटवायची, डोळा लावून आकडा वाचायची आणि मुली तो प्रयोगवहीत उतरवायच्या. डाव्या पानावर आकृती, उजव्या पानावर निरीक्षण. निरीक्षण मी आधीच फळ्यावर लिहून ठेवलेलं असायचं. तेवढाच वेळ वाचायचा.

हसू नका. तेव्हा सगळ्या शाळांत असंच चालायचं.

गोपिका रुपराव सुखदेवे आली एकोणसत्तर साली. सव्वीस वर्षांची, काटक, निळ्या काठाचं पांढरं पातळ, केस घट्ट बांधलेले. बाप नागपूर ठेसनावर हमाल होता. छप्पन साली, तेरा वर्षांची असताना, ती आईबापासोबत दीक्षेला जाऊन आली होती. "त्या दिवशी घरी येऊन बाप म्हणला, आता पोरीले शिकवाचं," असं ती सांगायची. त्याच्या आधी बापाचा डबा घेऊन ठेसनावर जायची, आणि फलाटाच्या टोकाला जो पिवळा बोर्ड असतो ना गावाच्या नावाचा, त्याच्यावर अक्षरं ओळखायला शिकली होती. शाळा पुढं सातवीपर्यंत झाली, मग लग्न. नवरा रुपराव गिरणीत कामाला होता. कापसाच्या धुळीनं त्याची छाती धरली आणि तो खाटेला खिळला. घर गोपिकाच्या नोकरीवर, आणि नोकरी तात्पुरती. दर एप्रिलला तिचा कागद संपायचा, जूनमध्ये पुन्हा निघायचा. चार वर्षं झाली की तिला कायम करायचं की काढायचं, ते ठरणार होतं, आणि त्या कागदावर विज्ञानशिक्षिकेचा शेरा लागायचा. म्हणजे माझा.

तिचा पहिला प्रयोग मला नीट आठवतो. पाण्याचा उत्कलनबिंदू. पाणी खळखळायला लागलं, गोपिका वाकली, थर्मामीटरच्या पाऱ्याशी डोळे आणले आणि म्हणाली, "नव्व्याण्णव, बाई."

फळ्यावर मी शंभर लिहिलेलं. मी म्हटलं, "नीट बघ."

"नीटच पाह्यलं, बाई. तिथंच थांबून राहिला पारा."

"शंभर म्हण."

तिनं फळ्याकडं पाहिलं, मग थर्मामीटरकडं, मग माझ्याकडं. "बरं बाई. शंभर."

मुलींनी शंभर लिहिलं आणि घंटा झाली. त्यानंतर चार वर्षं माझ्या तासाला ती दरवेळी शंभरच म्हणाली. पण म्हणायच्या आधी दरवेळी वाकून, डोळे बारीक करून पाऱ्याकडं पाहायची. म्हणायचं ठरलेलंच आहे तर पाहतेस काहून, असं मला विचारावंसं वाटायचं, आणि मी विचारत नव्हती.

एकदा नळ्या धुता धुता तिनंच विचारलं. "बाई, तुम्ही पाठात सांगता, समुद्रसपाटीले पाणी शंभरले उकळते. समुद्रसपाटी म्हणजे तेच का, जे ठेसनाच्या बोर्डावर खाली लिहिलं असते? समुद्रसपाटीपासून उंची, तीनशे अन् वर काही मीटर?"

"हो, तेच."

"मंग आपण तं समुद्रसपाटीले नाही राहत."

मी म्हटलं, "गोपिका, नळ्या धुऊन झाल्या का?"

बारा महिने तेरा काळ मी वर्गात ते वाक्य घोकून घेत होती. समुद्रसपाटीला, समुद्रसपाटीला. मुलींकडून म्हणून घ्यायची, स्वतः म्हणायची. नागपूर समुद्रसपाटीला नाही, हे मला ठाऊक नव्हतं का? भूगोलात मला चांगले मार्क होते. पण भूगोल भूगोलाच्या तासाला. मला एवढंच वाटलं की ही बाई शहाणपणा दाखवून राहिली.

बहात्तरच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला. एकवीस दिवस घरी. कपाटाची चाबी मी आमच्या मोठ्या बाईंकडं, प्रेमलताबाईंकडं पाठवून दिली. प्रेमलताबाई स्वभावानं देवमाणूस, पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. जाड चष्मा लावूनही घड्याळात किती वाजले ते दुसऱ्याला विचारायच्या. त्यांनी ती चाबी गोपिकाच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पाध्येबाई येईपर्यंत मुलींना गुंतवून ठेव."

मी परत आली त्या दिवशी दारातच थबकली. नववीच्या मुली बाकांवर नव्हत्याच. पाचपाच जणींची टोळकी जमिनीवर बसलेली. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्या ठोकून केलेले स्टँड. फ्यूज झालेल्या बल्बची टोपी काढून, आतलं सगळं काढून, धुऊन त्यांचे केलेले चंबू. त्या चंबूंत पाणी उकळत होतं, आणि माझे थर्मामीटर, कापसातले, हात न लावायचे थर्मामीटर, मुलींच्या हातात. गोपिका या टोळक्यातून त्या टोळक्यात जात होती. काही सांगत नव्हती. नुसती विचारत होती, "तुले काय दिसते वं? अन् तुले?"

कोपऱ्यात प्रेमिला बसलेली. ही मुलगी माझ्या तासाला दोन वर्षांत एकदाही तोंड उघडून बोलली नव्हती. मला वाटायचं मंद आहे बिचारी. ती ओरडून सांगत होती, "आमचं पण नव्व्याण्णव! आमचं पण!"

मी आत गेली तशा सगळ्या उठून उभ्या राहिल्या. एकदम गप्प. ते गप्प होणं मला लागलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "एक तरी थर्मामीटर फुटला?"

गोपिका म्हणाली, "एक बी नाही, बाई."

फुटला असता तर मला किती बरं वाटलं असतं, ते तुम्हाला काय सांगू.

मी मोठ्या बाईंकडं तक्रार घेऊन गेली, तर त्याच खूश. "अहो पाध्येबाई, त्या तीन आठवड्यांत त्या खोलीतून एक तक्रार नाही आली. शनिवारचा तास तिलाच देऊन टाका, हातानं करायचा." मग काय, दर शनिवारी मी खुर्चीवर बसून वह्या तपासायची आणि माझ्यासमोर गोपिका तास घ्यायची. तास तरी कसा म्हणू, ती तर खाली बसून असायची. पत्र्याच्या डब्यांच्या दुर्बिणी झाल्या, सलाइनच्या जुन्या नळीचे कारंजे झाले, लिंबात खिळा आणि तांब्याची तार खुपसून विजेचा झटका जिभेला लावून पाहणं झालं. मधल्या सुट्टीत मुली डबा घेऊन तिच्या स्टुलाभोवती. पूर्वी माझ्या टेबलावर रोज एखादं तरी चाफ्याचं फूल असायचं. ते बंद झालं. मी मुद्दाम पाहायची, तिच्या स्टुलावर फूल आहे का. फूल नसायचंच. तिला फुलाची गरज पडत नव्हती, मुलीच तिच्याजवळ होत्या. याचा मला जास्त राग यायचा.

बरं, तिनं कधी तोरा दाखवला असता तर मला भांडायला तोंड मिळालं असतं. तेही नाही. "बाई, हे बरोबर होय का?" म्हणून प्रत्येक गोष्ट मला येऊन विचारायची. आणि मला पुष्कळदा ठाऊक नसायचं.

त्र्याहत्तरच्या जानेवारीत विज्ञान प्रदर्शन आलं. दरवर्षी मी मुलींकडून मानवी डोळ्याचा नाहीतर ज्वालामुखीचा तक्ता काढून घ्यायची. या वर्षी मुली म्हणाल्या, आम्ही आमचा करतो. पंधरा दिवस त्या काय काय करत होत्या. शाळेत पाणी उकळून पाहिलं, विहिरीचं पाहिलं, नळाचं पाहिलं, ठेसनावर जाऊन बोर्डाचा आकडा उतरवून आणला. शेवटी तक्ता माझ्या टेबलावर आणून ठेवला. वर मोठ्या अक्षरांत, 'नागपुरात पाणी किती अंशाला उकळते?' खाली बत्तीस मुलींची बत्तीस निरीक्षणं, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव, नव्व्याण्णव. आणि अगदी तळाला, जिथं दरवर्षी माझं नाव असायचं, तिथं लाल शाईनं लिहिलेलं, 'मार्गदर्शन : गोपिकाबाई सुखदेवे.'

मी ते नाव पाहिलं आणि बाकीचा तक्ता वाचलाच नाही. खरं सांगते, वाचला असता तर पुढचं कदाचित झालं नसतं. मला फक्त ते नाव दिसत होतं. अकरा वर्षं मी या शाळेत उभी राहून घसा फोडला, आणि मार्गदर्शन हिचं!

मी तक्ता उचलला आणि तडक मोठ्या बाईंच्या खोलीत. त्यांच्या टेबलावर गोपिकाचा कायम करायचा कागद माझ्या शेऱ्यासाठी पडूनच होता. मी म्हटलं, "हे बघा, मुली काय शिकल्या ते. पाणी नव्व्याण्णवला उकळतं म्हणे. पोरींच्या हाती देऊन देऊन हिनं थर्मामीटर बिघडवले. हे प्रदर्शनात गेलं तर शाळेचं हसू होईल."

हे मी खोटं बोलत नव्हती हो. मला तसंच वाटत होतं. पाणी शंभरला उकळतं, हे मला माझ्या नावासारखं पाठ होतं.

प्रेमलताबाई म्हणजे न्यायाचं माणूस. म्हणाल्या, "असं करू, इथंच उकळून पाहू. एक तिचा थर्मामीटर आणा आणि एक कपाटातला कोरा." गोपिकाला बोलावलं. तिनं दिवा आणला, चंचुपात्र आणलं. मी माझ्या हातानं कपाटातून कधीही न वापरलेला थर्मामीटर काढला, कापूस झटकला. पाणी उकळलं. आधी मुलींचा थर्मामीटर घातला. नव्व्याण्णव. गोपिकानं वाचून सांगितलं. मी म्हटलं, "पाहिलंत?"

मग कोरा घातला. प्रेमलताबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "तुम्हीच वाचा, पाध्येबाई. मला पारा काही दिसत नाही."

मी वाकली. नोकरीच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः पाऱ्याशी डोळा आणत होती, कारण ते काम नेहमी लॅबच्या बाईचं. पारा वर सरकला, सरकला आणि थांबला. नव्व्याण्णव.

मी थोडी वाट पाहिली. पाणी उसळ्या मारत होतं. पारा हलला नाही. आणि त्या वेळी मला सगळं एकदम कळलं: बोर्ड, समुद्रसपाटी, जितकं उंच तितकं पाणी कमी अंशाला उकळतं ते, तिचा तो प्रश्न, बत्तीस मुली. आणि लाल शाईतलं नावही आठवलं. गोपिका माझ्या उजव्या हाताला, अगदी खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ उभी होती.

मी म्हटलं, "शंभर."

प्रेमलताबाई हळहळून म्हणाल्या, "अरेरे. म्हणजे ते बाकीचे खरंच बिघडले. गोपिका, तुला काही म्हणायचं आहे?"

गोपिकानं माझ्याकडं पाहिलं नाही. दिव्याकडं पाहत म्हणाली, "बाईनं वाचलं ना. मंग झालं." तिनं दिव्यावर टोपी घातली आणि चंचुपात्र फडक्यात धरून उचललं. तिचा हात भाजला असावा, कारण तिनं ते मध्येच एकदा खाली ठेवलं.

त्या कागदावर मी शेरा लिहिला. 'उपकरणे हाताळण्यात निष्काळजी.' एप्रिलमध्ये तिचा कागद संपला आणि जूनमध्ये पुन्हा निघाला नाही. तक्ता प्रदर्शनात गेला नाही, त्या वर्षी मानवी डोळा गेला आणि आम्हाला उत्तेजनार्थ मिळालं. खाली माझं नाव होतं. संत्र्याच्या पेट्यांचे स्टँड कोठीत टाकले. तिच्या जागी कवडू म्हणून एक जण लागला. तो दारात उभा राहूनच, थर्मामीटरकडं न बघता, "शंभर, बाई," म्हणायचा. मुली पुन्हा बाकांवर बसायला लागल्या, आणि प्रेमिलाचं तोंड पुन्हा बंद झालं. मला वाटलं होतं, गोपिका गेली की माझं पोट दुखायचं थांबेल. तसं झालं नाही. शनिवारचा तास आला की मुली दाराकडं पाहत राहायच्या.

मोठ्या बाईंना खरं सांगावं, असं मला पुष्कळदा वाटलं. त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत मी दोनदा गेली. दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलून आली. मग त्या निवृत्त झाल्या.

चौऱ्याऐंशी साली तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन खापरखेड्याला भरलं, वीज केंद्राच्या कॉलनीतल्या शाळेत. मी परीक्षक. आता केस पांढरे, साडीला बिल्ला, हातात गुणांचा कागद, मागंपुढं चार शिक्षक. एका वर्गात शिरली, तर आधी दिसले ते स्टँड. संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांचे. त्यांच्यावर बल्बचे चंबू. भिंतीवर तक्ता, 'पाणी कुठं किती अंशाला उकळते?' खापरखेडा नव्व्याण्णव. कोणाचा मामा चिखलदऱ्याला, तिथून आणलेलं शहाण्णव. कोणाची आत्या मुंबईला, समुद्राकाठी, तिथलं शंभर. दहाबारा मुली खाली बसलेल्या, आणि त्यांच्यामध्ये निळ्या काठाच्या पांढऱ्या पातळात गोपिका. तक्त्याच्या तळाशी मार्गदर्शन म्हणून तिथल्या कुठल्या सरांचं नाव होतं. तिनं आपलं लिहू दिलं नसावं.

तिनं मला लगेच ओळखलं. उठून उभी राहिली. "या बाई. तब्येत बरी आहे ना?"

मी म्हटलं, "बरी आहे. तू इथं केव्हापासून?"

"शहात्तरपासून. मधात दोनतीन वर्षं काम नव्हतं. मालक चौऱ्याहत्तरमधे गेले. मंग इथं पाणी भराची जागा निघाली, तिथून लॅबमधे घेतलं." ती हे शाळेचा रस्ता सांगावा तसं सांगत होती. मग मुलींना म्हणाली, "पोरींनो, नागपूरच्या बाई आल्या. दिवा लावा वं."

पाणी उकळलं. एका मुलीनं थर्मामीटर आत धरला आणि आकडा सांगायला तोंड उघडलं, तर गोपिकानं तिला थांबवलं.

"थांब वं. बाईले वाचू दे."

माझ्याबरोबरचे शिक्षक बाजूला सरले. मी खाली बसली, गुडघे कुरकुरले, आणि पाऱ्याशी डोळा आणला. त्या दहाबारा पोरी माझ्याकडं पाहतच नव्हत्या. सगळ्या पाऱ्याकडं पाहत होत्या, श्वास धरून. अशा पोरी मला बावीस वर्षांत एकदाही मिळाल्या नाहीत. तेव्हाही मला तिचा हेवा वाटला, तिथं, त्या क्षणीसुद्धा.

मी म्हटलं, "नव्व्याण्णव."

"लिहा वं," गोपिका म्हणाली. "बाईनं वाचलं."

पोरींनी लिहिलं. मी उठायला लागली तसा तिनं माझ्या कोपराला आधार दिला. तोंड तिच्या कानाजवळ आलं होतं, म्हणून बोलता आलं, नाहीतर आलं नसतं. मी म्हटलं, "गोपिका, त्या दिवशीही नव्व्याण्णवच होतं."

तिनं माझा कोपर सोडला नाही, मी नीट उभी राहीपर्यंत.

"मले माहीत आहे, बाई," ती म्हणाली. "मी बाजूलेच तं उभी होती."

मग तिनं चंबूतलं पाणी ओतून दिलं, दुसरं भरलं, दिव्यावर ठेवलं, आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या दुसऱ्या शाळेच्या बाईंना म्हणाली, "या बाई, आता तुम्ही वाचा."